देणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत : प्रस्तावना

रत्नागिरीत पहाटे पळायला जायचं तर आदल्या रात्री पंचांग बघावं लागतं. भाट्याची पुळण ओहोटीला रुंद आणि घट्ट होते. भरतीला पाणी सुरूच्या बनाकडे सरकतं आणि पळायला उरते ती फक्त कोरडी, भुसभुशीत वाळू. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना हा हिशोब तोंडपाठ असतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाचे सहा, म्हणजे सहाला भरती. त्या दिवशी समुद्राकडे न वळता रस्ता धरायचा. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराचे सव्वाअकरा, म्हणजे पहाटे पाचच्या सुमाराला पाणी पार मागे गेलेलं. तिथपासून तृतीयेपर्यंतचे दिवस सकाळी पळणाऱ्यांचे. लंडनच्या किंवा बॉस्टनच्या रस्त्यांसाठी बनवलेले सरावाचे तक्ते आज मोबाइलवर फुकट मिळतात, पण त्यांत अष्टमी नसते. जूनमधला पाऊस नसतो, जांभ्याच्या कडेला धरलेलं शेवाळ नसतं, जानेवारीतही अंगावरून न सुकणारा घाम नसतो. ही पुस्तिका लिहिण्याचं पहिलं कारण तेच.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ही पुस्तिका नुसती पळणाऱ्यांसाठी नाही. कुणासाठी तरी पळणाऱ्यांसाठी आहे. एखाद्या रुग्णाच्या उपचारांसाठी, एखाद्या शाळेसाठी, डायलिसिसच्या खर्चासाठी पैसे उभे करायचे आणि त्यासाठी १० किलोमीटरची किंवा २१ किलोमीटरची शर्यत पुरी करायची, असं ठरवलेल्या माणसाला १६ आठवडे सोबत करणं हा तिचा हेतू. अशा पळण्याविषयी माझं एक ठाम मत आहे आणि पुढची सगळी पानं त्यावर उभी आहेत. मदतीचे पैसे शर्यतीच्या रविवारी जमत नाहीत. ते त्याआधीच्या तीन-चार महिन्यांत जमतात, आणि ते शेजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत केलेल्या सरावामुळे जमतात.

मोठ्या शहरात ही गोष्ट सहज दिसत नाही. मुंबई मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली. आज ती टाटा मुंबई मॅरेथॉन म्हणून ओळखली जाते आणि भारतातल्या मोठ्या मदत-मोहिमांपैकी एक आहे. इतक्या वर्षांत तिच्या निमित्ताने सामाजिक संस्थांकडे शेकडो कोटी रुपये गेले. तिची रचना नीट आखलेली आहे. युनायटेड वे मुंबई ही संस्था मदतीची बाजू सांभाळते, स्वयंसेवी संस्था तिच्याकडे नाव नोंदवतात, धावपटू त्यांतली एक निवडतो आणि आपल्या ओळखीच्यांकडून देणग्या मागतो. कंपन्या आपले कर्मचारी उतरवतात. ज्यांना वेळेची फिकीर नाही त्यांच्यासाठी सुमारे सहा किलोमीटरची ड्रीम रन असते आणि तिथे फलक, वेश, घोषणा यांची नुसती गर्दी उसळते. हे सगळं मला मनापासून आवडतं. पण मुंबईत देणगी मागणारा ई-मेल पाठवतो आणि देणारा पडद्यावर बटण दाबतो. त्या दोघांमध्ये जे चार महिने गेले ते देणाऱ्याला दिसलेले नसतात.

रत्नागिरीत ते दिसतात. मारुती मंदिराहून खाली उतरून भाट्याच्या पुलावरून काजळी नदीची खाडी ओलांडणारा माणूस रोज कुणाच्या ना कुणाच्या नजरेला पडतोच. दूधवाला बघतो, पहिल्या एसटीचा चालक बघतो, जाळी नीट करणारे खारवी बघतात. पंधरा दिवसांत 'काय रे, कशासाठी पळतोस?' हा प्रश्न येतो. त्या प्रश्नाला एका वाक्यात खरं उत्तर देता आलं, की निधीचं अर्धं काम झालं. मग पाऊस आहे म्हणून चार दिवस दांडी मारली तर तेही विचारलं जातं. गावाचं हे लक्ष कुणाला काचतं, मला ते या कामातलं सर्वांत मोठं भांडवल वाटतं.

कोकणाला ही कल्पना मुळात नवी नाही. मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत गेलेल्या आपल्या चाकरमान्यांनी गावोगावची मुंबई मंडळं काढली आणि वर्षातून एकदा नमन किंवा नाटकाचा प्रयोग लावून गावच्या शाळेसाठी, देवळाच्या छपरासाठी, पाण्याच्या टाकीसाठी पैसे उभे केले. परळचं दामोदर नाट्यगृह अशा कितीतरी प्रयोगांनी गाजलं. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगचं ते नाट्यगृह, कामगारवस्तीच्या मधोमध. तिथे तिकीट घेणारा नुसतं नाटक बघायला येत नसे. दिवसभर पाळी करून रात्री खोलीत तालीम करणारा आपल्याच वाडीतला पोरगा त्याने पाहिलेला असे. त्या तालमीला तो पैसे देई. मदतीसाठी पळणारा धावपटू त्याच परंपरेत बसतो. फरक एवढाच, की त्याची तालीम खोलीत नाही, रस्त्यावर चालते.

जगात या प्रकाराला खरा आकार दिला तो टेरी फॉक्स या कॅनडाच्या तरुणाने. हाडाच्या कर्करोगामुळे १९७७ मध्ये त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. रुग्णालयात बरोबरच्या मुलांचे हाल पाहून त्याने ठरवलं, की कॅनडा या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत ओलांडायचा आणि कर्करोगाच्या संशोधनासाठी पैसे जमवायचे. १२ एप्रिल १९८० रोजी सेंट जॉन्स इथे त्याने कृत्रिम पाय अटलांटिकच्या पाण्यात बुडवला आणि निघाला. रोज साधारण एक मॅरेथॉन. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर झाल्यावर कर्करोग फुप्फुसांत पोचल्याचं कळलं आणि थंडर बे या गावाजवळ त्याला थांबावं लागलं. २८ जून १९८१ रोजी तो गेला, तेव्हा तो २२ वर्षांचा होता. तोवर देशाच्या दर माणसामागे एक डॉलर हे त्याचं लक्ष्य पुरं झालं होतं.

ही कथा बहुतेकांना माहीत असते. तिच्यातल्या दोन गोष्टी मात्र सहसा सांगितल्या जात नाहीत. निघण्याआधी त्याने सव्वा वर्ष सराव केला होता आणि त्या सरावातच सुमारे ५,००० किलोमीटर पळून झाले होते. म्हणजे प्रवासात जेवढं अंतर झालं, जवळजवळ तेवढंच त्याने कुणी कॅमेरा रोखलेला नसताना कापलं होतं. आणि सुरुवातीच्या थंड, ओस आठवड्यांत, देशाला त्याचं नावही ठाऊक नव्हतं तेव्हा, पोर्ट ओ बास्क नावाच्या बंदराच्या गावाने त्याच्या हातात १०,००० डॉलरहून जास्त रक्कम ठेवली. गावची वस्ती दहा हजार. माणशी एक डॉलर हा हिशोब एका छोट्या बंदराने आधी करून दाखवला, देशाने नंतर. बंदराच्या गावात राहणाऱ्या आपण ते लक्षात ठेवायला हवं.

जाहिरातदार त्याच्या मागे लागले तेव्हा त्याने नकार दिला. त्याच्या नावाची वार्षिक दौड १३ सप्टेंबर १९८१ रोजी पहिल्यांदा झाली, तीन लाख लोक उतरले आणि ३५ लाख डॉलर जमले. तिथे क्रमांक काढले जात नाहीत. पुढे ही दौड अनेक देशांत गेली. मुंबईतही ती भरली आहे.

आपल्याकडच्या एका बाईची गोष्ट मला याहून जवळची आणि जास्त अस्वस्थ करणारी वाटते. बारामतीच्या लता भगवान करे. साठी ओलांडलेली, मजुरी करणारी बाई. नवऱ्याच्या तपासणीसाठी पैसे हवे होते आणि गावात ज्येष्ठांसाठी तीन किलोमीटरची शर्यत बक्षिसासह जाहीर झाली होती. त्या नऊवारी लुगड्यात, अनवाणी धावल्या आणि जिंकल्या. त्यांच्यावर चित्रपट निघाला, त्यात त्यांनी स्वतःच काम केलं आणि ६७व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याची विशेष दखल घेतली गेली. लोक या गोष्टीला जिद्दीची कथा म्हणतात, आणि जिद्द तर आहेच. पण मला त्यात आधी हे दिसतं, की म्हाताऱ्या बाईला नवऱ्याच्या तपासणीसाठी शर्यत जिंकावी लागली. दुसरी आली असती तर? मदतीसाठी पळणाऱ्यांनी ही गोष्ट उशाशी ठेवावी. आपण पळतो ते कुणा लताबाईंना आपल्या माणसासाठी अनवाणी पळावं लागू नये म्हणून.

रत्नागिरी जिल्ह्यात अशी गरज कुठे आहे हे शोधायला लांब जावं लागत नाही. मुंबईला जाणाऱ्या रात्रीच्या गाडीत बसा. फायलींच्या पिशव्या मांडीवर घेतलेली माणसं परळच्या टाटा रुग्णालयाकडे निघालेली असतात. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाल्यापासून प्रवास सुसह्य झाला, पण उपचार म्हणजे औषधं एवढंच नसतं. सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी, राहणं, जेवण, पुन्हा तीन आठवड्यांनी तीच फेरी, हे सगळं असतं. चिपळूण तालुक्यात डेरवणला वालावलकर रुग्णालय आहे, त्याचा अनेकांना आधार आहे. २२ जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूण बुडालं तेव्हा जिल्ह्यातल्या तरुणांनी चिखल उपसायला जी धाव घेतली ती मला आजही या विषयाची खरी सुरुवात वाटते, जरी तेव्हा कुणाच्या छातीवर बिब नव्हतं.

जानेवारी २०२४ मध्ये रत्नागिरीत कोकण कोस्टल मॅरेथॉन पहिल्यांदा झाली आणि शहराला स्वतःची मोठी शर्यत मिळाली. त्याआधी आपले धावपटू मुंबईला, पुण्याला किंवा साताऱ्याच्या यवतेश्वर घाटातल्या हिल हाफ मॅरेथॉनला जात. आता बाहेरचे इथे येतात आणि इथली मुलं आपल्याच रस्त्यावर पळतात. हाफ करायची झाली तर जानेवारीतल्या शर्यतीसाठी सराव सप्टेंबरमध्ये सुरू करावा लागतो. सप्टेंबर म्हणजे गणपती आणि पाऊस. इथेच बहुतेकांचं गाडं अडतं, म्हणून त्या आठवड्यांवर पुस्तिकेत जास्त पानं खर्च केली आहेत.

पावसाळ्यात अंतर वाढवण्याची घाई नको. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो अशा गावात दोन-चार दिवस बुडणारच. आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नका हा सगळीकडे सांगितला जाणारा नियम आहे. नेदरलँड्समध्ये २००८ साली नवशिक्या धावपटूंवर तो तपासला गेला तेव्हा हळू वाढवणाऱ्यांना आणि भरभर वाढवणाऱ्यांना सारख्याच दुखापती झाल्याचं आढळलं. म्हणून त्या आकड्याची पूजा करू नये. नडगी दुखते का, सकाळी पलंगावरून उतरताना टाच धरते का, हे बघावं आणि धरत असेल तर चालावं. आठवड्यातली बहुतेक पळणी इतकी संथ असावीत, की बरोबरच्याशी पूर्ण वाक्यं बोलता येतील. रविवारचं लांब पळणं तेवढं वाढत जाईल. चढासाठी कुठे जायचा प्रश्न नाही: पावसच्या रस्त्याने भाटे सोडलं की सड्यावर चढावंच लागतं, आणि उत्तरेला आरे-वारेचा रस्ता मांड्यांची परीक्षा घेतो.

वाळूचं एक सांगतो, कारण समुद्रकाठच्या माणसाला तिचा मोह पडतोच. कोरड्या मऊ वाळूत पळायला घट्ट जमिनीच्या दीडपटीहून जास्त ताकद लागते, असं बेल्जियममधल्या संशोधकांनी १९९८ मध्ये मोजून दाखवलं आहे. पोटऱ्यांवर आणि टाचेच्या शिरेवर तो सगळा भार येतो. नवख्याने ओली, घट्ट पट्टीच धरावी आणि जितकं जाईल तितकंच त्याच पट्टीने परत यावं, म्हणजे उताराकडचा पाय दोन्ही वेळा तोच राहत नाही.

उष्म्याचा प्रश्न याहून गंभीर आहे. जानेवारीच्या पहाटे पारा वीस अंशांच्या आसपास असतो, पण हवेत दमटपणा असल्यामुळे घाम सुकत नाही, आणि शरीर थंड होतं ते घाम सुकल्याने, नुसता गळल्याने नाही. पुण्याहून आलेले चांगले धावपटू इथे पंधराव्या किलोमीटरला बसतात ते यामुळेच. शरीराला अशा हवेची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. इथे राहणाऱ्याला ती आपोआप मिळते. उलट बाजूने, भीतीपोटी पाणी ढोसणंही तितकंच वाईट. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तातलं सोडियम धोक्याच्या रेषेखाली गेलेलं आढळलं, आणि त्याचा संबंध वाटेत जास्त पाणी पिण्याशी लागला. तहान लागेल तसं प्यावं. आपलं मीठ-साखर घातलेलं कोकम सरबत इथे उत्तम काम करतं, फक्त ते शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा पिऊ नये. सरावात पिऊन पोट काय म्हणतं ते आधी बघावं. खाण्याबद्दलही तेच. आदल्या रात्री मऊ भात आणि मेतकूट, सकाळी पेज किंवा एखादी आंबोळी, एवढ्यावर अर्धी मॅरेथॉन मजेत होते. महागड्या पुड्यांची गरज १० किलोमीटरवाल्याला तर मुळीच नाही.

आता पैशांविषयी, कारण या पुस्तिकेतला हा भाग वाचक टाळतील अशी मला भीती आहे.

शर्यतीची प्रवेश फी म्हणजे देणगी नव्हे. त्या पैशांतून वेळ मोजणारी चिप, टी-शर्ट, पदक, पाण्याची टेबलं, रुग्णवाहिका आणि नाश्ता निघतो. काही आयोजक त्यातला वाटा एखाद्या संस्थेला देतात. देत असतील तर किती, हे विचारायला संकोच करू नये. तुम्ही ज्यांच्याकडे मदत मागाल त्यांना मात्र फी आणि देणगी वेगळी करून सांगायला हवी. 'मी ट्रस्टसाठी पळतोय' म्हणून घेतलेल्या पैशांतून स्वतःचे बूट घेणारा माणूस पुढच्या दहा जणांचं दार बंद करतो. लहान गावात तर हमखास.

सगळ्यात सरळ मार्ग असा, की पैसे तुमच्या हातात येऊच नयेत. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेली संस्था निवडावी, तिचा नोंदणी क्रमांक आणि मागच्या वर्षाचा लेखापरीक्षण अहवाल मागून घ्यावा, आणि देणाऱ्याने थेट तिच्या खात्यात भरावेत. पावती तिचीच. कर-सवलत ज्याला आपण ८०जी म्हणतो ती रोख दोन हजारांच्या वर दिलेल्या देणगीवर मिळत नाही आणि नवी करप्रणाली निवडलेल्याला मिळतच नाही. हे आधी सांगून टाकलं तर मार्चमध्ये वाद होत नाहीत. मित्रमंडळाने मिळून स्वतःच वर्गणी गोळा करायची ठरवली, तर गणेशोत्सव मंडळं धर्मादाय आयुक्तालयाकडून कलम ४१क ची परवानगी घेतात तो रस्ता आपल्यालाही लागू आहे. आजारी माणसासाठी गोळा करताना त्याचा फोटो आणि आजाराची कागदपत्रं व्हॉट्सॲपवर फिरवायची का, हे त्याला विचारा. त्याने नको म्हटलं तर पैसे थोडे कमी जमतील. कमी जमू देत.

मागायचं कसं, हेही शिकावं लागतं. पहिल्या आठवड्यात मागू नये. पाच-सहा आठवडे पळून झाले, पाच किलोमीटर न थांबता जमू लागले, की मग घरच्यांपासून सुरुवात करावी. मुंबईच्या मंडळातल्या काकांना, नाचण्याच्या शेजाऱ्याला, शाळेतल्या बाईंना वेगवेगळं सांगावं, सगळ्यांना एकच मजकूर पुढे ढकलू नये. रक्कम नेमकी असावी आणि ती कशाची हे ठरलेलं असावं: एका रुग्णाच्या तीन फेऱ्यांचं भाडं, एका महिन्याचं डायलिसिस. दर किलोमीटरला अमुक रुपये ही पद्धत लहान मुलांना फार आवडते आणि शाळांमध्ये ती चांगली चालते. कुणी नाही म्हटलं तर तो विषय तिथे संपवावा. उद्या पुलावर तोच माणूस भेटणार आहे आणि त्याला हात करायचा आहे.

शर्यतीनंतरच्या आठवड्यात काम संपलेलं नसतं. पाय सावरायला तीन-चार दिवस द्यावेत, आणि त्याच दिवसांत प्रत्येक देणाऱ्याला किती जमले, कुणाकडे गेले, पावती कधी मिळेल, हे लिहून कळवावं. शर्यत अर्धवट सोडावी लागली असेल तर तेही त्यात लिहावं. अर्ध्यावर थांबलात म्हणून देणगी परत मागणारा माणूस मला अजून भेटलेला नाही, पण हिशोब न कळवल्याबद्दल दुखावलेले अनेक भेटले आहेत. या पत्राचा एक नमुना शेवटच्या प्रकरणात आहे. तो सगळ्यात आधी वाचावा, त्यातल्या रिकाम्या जागी संस्थेचं नाव लिहावं आणि मगच पहिल्या आठवड्याच्या तक्त्याकडे वळावं. त्या तक्त्यात पहिल्या दिवशी २० मिनिटं चालणं आहे.